बारा दिवे आणि एक बटण

पुतणीचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि ग्रंथपालांनी त्याला अजून उत्तर पाठवलं नव्हतं. पाठवलं नव्हतं म्हणजे लिहिलं नव्हतं असं नाही. अकरा वेळा लिहिलं होतं. पहिल्या मसुद्यात 'तुझा प्रयत्न स्तुत्य आहे' असं लिहिलं आणि ते शाळेच्या बक्षीस समारंभातल्या भाषणासारखं वाटलं म्हणून फाडलं. दुसऱ्यात शंका लिहिल्या. त्या वाचून त्यांचं त्यांनाच वाटलं की हा माणूस पोरीच्या वाईटावर टपलाय. तिसऱ्यापासून पुढे 'मला यातलं फारसं कळत नाही' हे एकच वाक्य कायम राहिलं, आणि एवढंच कळवायला तिकीट कशाला वाया घालवायचं म्हणून तेही मसुदे टोपलीत गेले. मूळ पत्र मात्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात जपून ठेवलेलं होतं. त्यामुळे ग्रंथपाल हल्ली तिसऱ्या खंडाला हात लावत नसत. एखादा शब्द त्यातलाच निघाला तर त्या शब्दावाचून भागवत.

ही पुतणी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी तिने पंखा, इस्त्री आणि शेजाऱ्यांची घंटा उघडून पुन्हा जोडली होती आणि तिन्ही वेळा सगळ्या घरात अंधार केला होता, तेव्हापासून घरात सगळे तिला ठिणगी म्हणत. आता ती एका दिव्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती. तिने लिहिलं होतं:

'मोठेकाका, आमच्या विभागाने एक दिवा केलाय. तो उजेड देतो आणि त्या उजेडातूनच माहिती पाठवतो. इतक्या भरभर लुकलुकतो की आपल्याला कळतसुद्धा नाही, पण लॅपटॉपला लावलेल्या छोट्याशा डोळ्याला बरोबर कळतं. सगळे म्हणतात, छान आहे. छान आहे, पण घेत कुणीच नाही. साहेब म्हणतात, ज्याला याची खरोखर गरज आहे असं एक तरी गिऱ्हाईक दाखव, नाहीतर विभाग बंद आणि तू परत साध्या बल्बांकडे. तुमच्याकडे तर बिनतारी काहीच चालत नाही. तिथे हा दिवा कामाचा नसेल, तर कुठे असणार? वाचनालयात लावून बघा आणि त्यात वाईट काय आहे ते मला लिहा. माझ्या शाळेच्या निबंधात तुम्ही तेवीस चुका काढल्या होत्यात. बाकी सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली होती. त्या तेवीस चुकांवर मी लिहायला शिकले.'

बिनतारी काही चालत नाही हे खरंच होतं. ग्रंथपाल एका वेधशाळेच्या ग्रंथालयात कामाला होते. उघड्या माळावर तिची प्रचंड थाळी आभाळाकडे तोंड करून उभी होती आणि फार लांबच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकत होती. त्या लहरी इतक्या क्षीण की जवळपास कुणी मोबाइल नुसता चालू केला तरी थाळीच्या कानात ढोल वाजल्यासारखं होई. म्हणून फाटकावरच मोबाइल काढून घेत. सगळ्या आवारात तारांचं जाळं होतं आणि बाहेरच्या जगाशी बोलायला तारेचा फोन किंवा पत्र. चोरट्या लहरी पकडायला वायरमन खांद्याला एक अँटेना अडकवून रोज फेरी मारत असे. त्याने एकदा एका पाहुण्यांच्या सुटकेसमधून रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार हुडकून काढली होती, आणि ती गोष्ट तो अजून, न विचारता, सांगत असे.

पत्राला उत्तर गेलं नाही, तेव्हा एक दिवस टपालगाडीतून एक मोठं खोकं आलं. आत बारा दिवे, बारा डोळे आणि एक चिठ्ठी. 'मोठेकाका, उत्तर नाही म्हणजे होकार धरते. तुमच्या संचालकबाईंशी मी फोनवर बोलले आहे. तुमची ठिणगी.'

"ठिणगी?" वायरमन चिठ्ठीत डोकावत म्हणाला. "या आवारात? काका, नावाला तरी परवानगी काढलीय का?"

ग्रंथपाल कसंनुसं हसले.

वायरमनने वाचनालयातल्या बारा टेबलांवर बारा दिवे टांगले आणि सगळ्यांच्या तारा दाराजवळच्या मुख्य बटणाला जोडल्या. मग अँटेना घेऊन खोलीभर फिरला आणि त्याने कपाळाला हात लावला. "उजेड बिचारा गप्प आहे हो. पण दिव्याला वीज पुरवणारा हा जो डबा आहे ना, तो खरखरतोय. लहरी सोडतोय गडी. बिनलहरींचा दिवा म्हणे!"

"मग परत पाठवायचे?" ग्रंथपालांनी विचारलं. आपल्या आवाजात थोडी आशा आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना लाज वाटली. दिवे परत गेले असते तर काही लिहावं लागलं नसतं.

"परत कशाला? पत्र्यात बंद करतो सगळ्या डब्यांना." दोन दिवस ठोकाठोक करून त्याने बारा डब्यांना पत्र्याची कवचं घातली, प्रत्येकाचं अर्थिंग केलं, आणि पुन्हा अँटेना फिरवली. या वेळी काटा हलला नाही.

पुढचे तीन आठवडे जसे गेले तसे दिवस वाचनालयाने कधी पाहिले नव्हते. आजवर थाळीची मोजमापं हवी असली की शास्त्रज्ञांना टेबलाखालच्या तारा धुंडाळाव्या लागत, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्या तारांत पाय अडकून पडत असे. आता दिव्याखाली बसायचं, डोळा लॅपटॉपला लावायचा, की आकाश आपोआप पडद्यावर. गेली वीस वर्षं वाचनालयात न फिरकलेले लोकही येऊन बसू लागले. सगळे इतके पडद्यात बुडालेले की बोलायला कुणाला सवड नव्हती.

आणि तिथेच एक गोष्ट नजरेतून सुटली.

या वाचनालयात एक पद्धत होती. ग्रंथपाल इतके भिडस्त की कुणाला 'हळू बोला' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात दोन ज्येष्ठ शास्त्रज्ञ तावातावाने भांडत होते, तेव्हा काय करावं ते न सुचून त्यांनी बटण दाबून दिवे दोनदा विझवले आणि लावले. दोघे चपापून गप्प झाले. तेव्हापासून एकतीस वर्षं गोंगाट वाढला की दिवे दोनदा मिचकायचे आणि खोली शांत व्हायची. नवीन माणसाला पहिल्या दिवशीच सांगत: जेवणघर उजवीकडे, थाळी समोर, आणि वाचनालयात दिवे मिचकले तर तोंड बंद. घरी एकदा पाहुण्यांची बडबड असह्य होऊन ग्रंथपालांचा हात बटणाकडे गेला होता, तेव्हा बायको सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अहो, इथे तोंडानं बोला. देवानं दिलंय तुम्हाला ते."

दिव्यांच्या त्या तीन आठवड्यांत गोंगाट झाला नाही, म्हणून बटणही दाबलं गेलं नाही.

ग्रंथपाल मात्र बघत होते. बघणं त्यांना जमायचं. पुस्तकांच्या नोंदीची कोरी कार्डं खिशात ठेवून ते टेबलांमधून फिरत आणि दिसेल ते लिहीत. एक कार्ड, एक गोष्ट. तीन वाजल्यापासून खिडकीतलं ऊन नऊ आणि दहा नंबरच्या टेबलांवर येतं, तेव्हा लॅपटॉपचे डोळे दिपून जातात आणि माहिती अडखळते. यंत्रशाळेचे धिप्पाड प्रमुख पुढे वाकले की त्यांच्याच सावलीत त्यांचंच काम बंद पडतं, आणि ते शेजाऱ्यावर डाफरतात. लॅपटॉप उचलून कपाटापाशी गेलं की तुटलं. भर दुपारी लख्ख उजेडातही दिवा जळत ठेवावा लागतो. आठवडाभरात डोळ्यावर धूळ बसते. एका बाईंचं डोकं दुखलं, पण ते दिव्याने की त्यांच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाने, हे त्यांनाही सांगता येईना. अशी एकोणीस कार्डं झाली. दुसऱ्या बाजूला चांगल्याची सहा.

एकोणिसाव्या कार्डाशी ग्रंथपाल थांबले. ही कार्डं पाठवली तर साहेब ती ठिणगीच्या तोंडावर फेकतील आणि विभागाला कुलूप लावतील. नाही पाठवली तर ती आंधळेपणाने पुढे जाईल. त्यांनी कार्डांना रबरबँड लावला आणि गठ्ठा शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडामागे सरकवून दिला.

महिनाअखेरीला ठिणगी स्वतः आली, आणि तिच्याबरोबर तिचे साहेब. संचालकबाई आणि वेधशाळेच्या समितीचे पाच शास्त्रज्ञ प्रात्यक्षिक बघायला वाचनालयात जमले. बेत असा होता की थाळीने सकाळी टिपलेलं एक मोठं चित्र बाराही टेबलांवर एकाच वेळी उतरवून दाखवायचं. ठिणगी वाळून गेल्यासारखी दिसत होती, पण डोळे तेच. तिने काकांना बाजूला गाठलं.

"मोठेकाका, पत्र?"

"लिहितोय," ग्रंथपाल म्हणाले.

"चार महिने? कादंबरी लिहिताय का?"

तेवढ्यात संचालकबाई म्हणाल्या, "ग्रंथपाल, तीन आठवडे हे दिवे तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. तुमचं मत सांगा ना." आठही माणसं त्यांच्याकडे वळली. ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोर एकोणीस कार्डं एकदम आली, सहासुद्धा आली, आणि तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: "छान आहे."

ठिणगीने मान खाली घातली.

प्रात्यक्षिक सुरू झालं. बारा पडद्यांवर चित्र वरून खाली उलगडत निघालं. काळ्या आभाळात एक लालसर वर्तुळ, त्याभोवती धुराची वेटोळी. समितीतले दोघे हरखले आणि हरखले ते मोठ्याने. "अरे, ही वेटोळी बघ! मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो!" "तू? तू म्हणाला होतास की यंत्राचा दोष आहे!" "कधी? कधी म्हणालो?" तिसरे मध्यस्थी करायला गेले आणि त्यांचा आवाज दोघांपेक्षा मोठा निघाला.

ग्रंथपाल दाराजवळ उभे होते. एकतीस वर्षांच्या सवयीला विचारून काही होत नाही. हात आपसूक उठला, बटणावर गेला. खट्, खट्. खट्, खट्.

खोली शांत झाली. अगदी शांत. बारा पडद्यांवर चित्र पाऊण उतरून थिजलं होतं. दिवे लागले होते, पण ते पुन्हा माहिती द्यायला तयार होईपर्यंत चार मिनिटं जाणार होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"एका बटणावर मान टाकणारं यंत्र," साहेब म्हणाले. तसे ते वाईट माणूस नव्हते, फक्त थकलेले होते. "आणि उजेड भिंतीपलीकडेही जात नाही, हा मोठा दोष. मी तुला हेच सांगत होतो."

"माझी चूक झाली," ग्रंथपाल म्हणाले, पण ते इतक्या हळू की फक्त वायरमनने ऐकलं.

संचालकबाईंनी प्रकरण सावरून घेतलं. आज काही ठरवायचं नाही. ग्रंथालयाने आठ दिवसांत लेखी अहवाल द्यावा, मग समिती बघेल. पाहुण्यांसाठी गाडी आली. ठिणगी चढता चढता मागे फिरली.

"मोठेकाका, बटणाचं मला काही वाटलं नाही. हसूच आलं खरं तर. लहानपणी मी दंगा करायचे तेव्हाही तुम्ही हेच करायचात." मग तिचा आवाज बदलला. "पण 'छान आहे' म्हणालात ना, ते लागलं. छान म्हणणारे माझ्याकडे ढिगानं आहेत. तुमच्यासारखा एकच आहे."

गाडी गेली. वायरमन शेजारी येऊन उभा राहिला.

"काका, एक बोलू? मी डब्यांना पत्रा ठोकला, कारण खरखर ऐकू आली. ऐकू आली नसती तर आज ते दिवे कचऱ्यात असते."

"पण तिचा विभाग बंद पडेल."

"गप्प राहून कुठे चालू राहतोय?"



रविवारी सकाळी न्याहारी झाल्यावर त्यांनी कार्डांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर मांडला. बायकोने बशा उचलता उचलता विचारलं, "पत्ते खेळताय का?"

"ठिणगीला लिहितोय."

"बाराव्यांदा," ती म्हणाली, आणि टोपली उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. फाडलेला कागद टाकायला आता जागाच उरली नाही.

मग लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी एकोणीसही कार्डं लिहून काढली, एकही न गाळता, टेबलांच्या नंबरांसकट. डब्याची खरखर सर्वांत वर ठेवली आणि खाली लिहिलं, 'ही तुमच्या कारखान्यात कुणाला ऐकू आली नाही, कारण तिथे आधीच गोंगाट आहे. ती कायमची बंद केल्याशिवाय आमच्यासारख्या ठिकाणी हा दिवा पाठवू नका.' मग विसावं लिहिलं: 'दिवा विझला की सगळंच विझतं. त्या दिवशी ते मी करून दाखवलं. दिव्यांचं बटण आणि माहितीचं बटण वेगळं करता येईल का, ते बघ.'

इथे त्यांचा हात थांबला नाही याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. ते पुढे लिहीत गेले: 'साहेब म्हणाले की याचा उजेड भिंतीपलीकडे जात नाही, हा मोठा दोष आहे. सगळ्या जगाला विकायचा असेल तर आहेच. पण मी एकतीस वर्षं अशा जागी राहतो जिथे काहीही भिंतीपलीकडे गेलेलं आम्हाला परवडत नाही. आमच्याकडे हा दोष गुण होतो. अशा आणखी खोल्या असतील. जिथल्या यंत्रांना लहरींचा त्रास होतो अशा, जिथलं बोलणं शेजारी ऐकू जायला नको अशा. घरोघरी आणि रस्तोरस्ती जाण्याची स्वप्नं तूर्त बाजूला ठेव आणि त्या खोल्या शोध. मला यातलं फारसं कळत नाही.' शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं, थोडा वेळ विचार केला आणि त्यावर रेघ मारली.

सोमवारी त्यांनी त्या पत्राचीच प्रत अहवाल म्हणून संचालकबाईंच्या टेबलावर ठेवली आणि वाचनालयात परतले. बारा वाजायच्या सुमाराला समितीतले तेच दोघे शास्त्रज्ञ आठ नंबरच्या टेबलावर वेटोळ्यांवरून पुन्हा जुंपले. ग्रंथपाल बटणापाशी गेले. आसपास दहा जण दिव्यांखाली काम करत होते. त्यांनी हात खिशात घातला, जणू हाताला तिथे बांधूनच ठेवायचं होतं, आणि घसा खाकरला.

"हळू बोला," ग्रंथपाल म्हणाले.

दोघांनी वर पाहिलं. मग सगळ्या खोलीने वर पाहिलं. दोघांतले ज्येष्ठ शास्त्रज्ञ शेजाऱ्याच्या कानाला लागून म्हणाले, "यांना आवाज आहे?"

"मीही आजच ऐकला," शेजारी कुजबुजला.

"चांगला आहे की."

आणि दोघे खरोखर गप्प झाले. दिवे जळत राहिले, पडदे चालू राहिले. ग्रंथपाल आपल्या खुर्चीवर जाऊन बसले तेव्हा त्यांना कधी नव्हे तो आनंद झाला होता.

तीन वाजता संचालकबाई अहवाल हातात घेऊन स्वतः आल्या. एरवी वाचनालयात त्या सहसा येत नसत, म्हणून ग्रंथपाल उठून उभे राहिले.

"बसा हो. वीस दोष लिहिलेत तुम्ही."

"एखादा राहिलाही असेल."

"तो पुढच्या महिन्यात लिहा." त्यांनी कागदाच्या मार्जिनमध्ये केलेल्या खुणा दाखवल्या. "दर आठवड्याला कुणीतरी मला काहीतरी विकायला येतं. सगळ्यांच्या कागदावर फक्त गुण असतात, आणि दोष मला वस्तू घेतल्यावर कळतात. हे दिवे काय करणार नाहीत ते मला आजच ठाऊक आहे. ऊन येतं ती दोन टेबलं सरकवू. समितीपुढे मी शिफारस करतेय. आणि नकाशांच्या खोलीत खिडकीच नाही, तिथल्यासाठी आणखी चार मागवायचे आहेत. पण खरखरणारे डबे नकोत. तसं कळवा त्यांना."

"मी... फोन करू?" ग्रंथपालांनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की बाई हसल्या.

"तुम्ही लिहा. फोन मी करेन, परवा. तुमचं पत्र आधी पोचू दे."

टपालगाडी चारला यायची. ग्रंथपालांनी पाकीट पुन्हा उघडलं, कागदाच्या तळाशी चार ओळी वाढवल्या: नकाशांच्या खोलीचं, चार दिव्यांचं, आणि आपण आज तोंडाने बोललो त्याचं. त्याखाली लिहिलं, 'उशीर झाला. भीती तुझ्यासाठी वाटत नव्हती, स्वतःसाठीच वाटत होती.' पाकिटाला डिंक लावून त्यांनी ते चांगलं दाबलं, उघडायचा मोह पुन्हा होऊ नये म्हणून.

फाटकाकडे जाताना वाटेत वायरमन अँटेना घेऊन फेरीवर होता. "कुठे, काका? एवढ्या घाईनं?"

"टपालाला."

"द्या माझ्याकडे, मी टाकतो."

"नको," ग्रंथपाल म्हणाले. "मीच."

पेटीशी ते क्षणभर थांबले. चौदा नंबरच्या कार्डातला शब्द बरोबर होता का, 'अडखळते' की 'खंडित होते', असा एक विचार मनात डोकावला. गाडीचा हॉर्न माळावरून ऐकू आला. त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, आणि ते आत तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत बोटं तिथेच ठेवली.